टायको ब्राहे : विझलेल्या ताऱ्याचा पत्ता

नोव्हेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास नागपूरच्या दिव्यांपासून जरा दूर, रामटेककडे किंवा उमरेडच्या वाटेवर, उत्तरेला तोंड करून उभे राहिले की ध्रुवताऱ्याच्या वर, आकाशात जवळजवळ अर्ध्या उंचीवर, शर्मिष्ठेचे पाच तारे इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखे मांडलेले दिसतात. त्यांच्या शेजारीच आकाशाचा एक तुकडा रिकामा आहे. घरची छोटी दुर्बीण रोखली तरी तिथे लक्ष वेधून घेणारे काही सापडत नाही. रेडिओ दुर्बिणीला मात्र त्याच जागी एक गोल कडे दिसते. पौर्णिमेच्या चंद्राच्या पाव रुंदीचे, कडेला उजळ आणि आत फिकट. हा एका फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष आहे. तो नेमका कुठे शोधायचा हे खगोलशास्त्रज्ञांना सांगितले ते साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एका नाक तुटलेल्या डॅनिश सरदाराने. त्याच्या हयातीत रेडिओ नव्हताच, पण साधी दुर्बीणही नव्हती.

टायको ब्राहेचा जन्म १४ डिसेंबर १५४६ चा, स्कॅनिया प्रांतातला. हा प्रांत आज स्वीडनमध्ये आहे, तेव्हा डेन्मार्कच्या राज्यात होता. घराणे दरबारी, गडगंज. निपुत्रिक काका योर्गनने लहानग्या टायकोला आईबापांना न विचारताच उचलून आपल्या वाड्यावर नेले आणि मुलगा म्हणून वाढवले. सरदाराच्या पोराने तलवार, शिकार आणि दरबार शिकावा अशी रीत होती. काकाने त्याला लॅटिन शिकवले आणि बाराव्या वर्षी कोपनहेगनच्या विद्यापीठात घातले. १५६० च्या ऑगस्टमध्ये तिथे खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. ग्रहणापेक्षा त्याचा दिवस आधीच सांगता येतो, याचेच त्या मुलाला अप्रूप वाटले.

कायदा शिकण्यासाठी त्याला पुढे लाइपझिगला पाठवले गेले, सोबत देखरेखीला एक शिक्षक. दिवसा कायद्याची पुस्तके आणि शिक्षक झोपला की खिडकीतून तारे, असा त्याचा क्रम होता. ऑगस्ट १५६३ मध्ये गुरू आणि शनी यांची युती झाली. सोळा वर्षांच्या टायकोने ती स्वतः पाहिली आणि प्रचलित सारण्यांशी ताडून बघितली. जुन्या आल्फोन्सीय सारण्या जवळपास महिनाभराने चुकल्या होत्या, कोपर्निकसच्या गणितावर बेतलेल्या नव्या सारण्या काही दिवसांनी. आपल्याकडे पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह जुळत नाही म्हणून टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांनी दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला होता. तोच पेच इथे एका शाळकरी वयाच्या मुलापुढे होता. सिद्धांतावर वाद घालण्याआधी ग्रह नेमके कुठे आहेत हे वर्षानुवर्षे, रात्रीमागून रात्री मोजले पाहिजे, हे त्याने तेव्हाच ठरवले. पुढचे सारे आयुष्य त्याने हेच केले.

स्वभाव मात्र तापट. डिसेंबर १५६६ मध्ये, रोस्टॉक येथे, मांडेरुप पार्सबर्ग या नात्यातल्याच तरुणाशी त्याचे भांडण जुंपले. गणितात श्रेष्ठ कोण यावरून ते झाले असे सांगतात. अंधारात दोघांनी तलवारी उपसल्या आणि टायकोच्या नाकाचा वरचा भाग उडाला. जखमेतल्या जंतूंविषयी कोणालाच काही ठाऊक नव्हते अशा काळात तो वाचला, हेच नशीब. उरलेले आयुष्य त्याने धातूचे नाक चिकटवून काढले. ते सोन्या-चांदीचे होते असे लोक म्हणत. खरे काय ते कळायला २०१२ साल उजाडावे लागले.

११ नोव्हेंबर १५७२ च्या संध्याकाळी तो मामाच्या मठातल्या किमयेच्या प्रयोगशाळेतून परतत होता. वर पाहिले तर शर्मिष्ठेत एक अनोळखी, ठसठशीत तारा. त्या भागातला प्रत्येक तारा त्याला लहानपणापासून पाठ होता, त्यामुळे आधी त्याने स्वतःच्या डोळ्यांवरच संशय घेतला. सोबतच्या नोकरांना विचारले, रस्त्याने जाणाऱ्या गावकऱ्यांना थांबवून विचारले. सगळ्यांना तारा दिसत होता. हा तारा पाहणारा टायको पहिला नव्हता. युरोपात इतरांनी तो काही दिवस आधी टिपला होता आणि चीन-कोरियाच्या दरबारी ज्योतिषांनीही त्याची नोंद केली होती. आपल्याकडे तेव्हा अकबराची कारकीर्द चालू होती. नागपूर शहर वसायला अजून सव्वाशे वर्षे होती. भारतीय साहित्यात अशा ताऱ्यांचे उल्लेख सापडतात का, याचा शोध पुण्याच्या जयंत नारळीकर आणि सरोजा भाटे यांनी घेतला होता.

पाहिले अनेकांनी, पण टायकोने मोजले. त्याच्याकडे लाकडी भुजांचा एक मोठा कोनमापक नुकताच तयार झाला होता. त्याने नव्या ताऱ्याचे शर्मिष्ठेतील इतर ताऱ्यांपासूनचे अंतर पुन्हा पुन्हा घेतले. प्रश्न असा होता, की ही वस्तू चंद्राच्या अलीकडे आहे की पलीकडे? अरिस्टॉटलच्या शिकवणीनुसार बदल, नाश आणि उत्पत्ती हे सारे चंद्राखालच्या जगात. त्यावरचे आकाश अढळ. अलीकडे असेल तर ती एखादी वातावरणातली ज्वाला ठरते आणि शिकवण शाबूत राहते.

याचा निकाल पराशयाने लागतो. हात लांब करून अंगठा धरा, एकदा डाव्या आणि एकदा उजव्या डोळ्याने पाहा, अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. वस्तू जितकी जवळ तितकी ती अधिक सरकते. डेन्मार्कमधून शर्मिष्ठा कधी मावळत नाही. रात्रीच्या एका प्रहरी ती जवळपास डोक्यावर, दुसऱ्या प्रहरी खाली उत्तर क्षितिजाकडे. नागपुरातून ही सोय नाही, इथे ती खाली गेली की क्षितिजाआड होते. चंद्राइतक्या अंतरावरची वस्तू या दोन स्थितींच्या दरम्यान शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत चांगलीच हलली असती, आणि असा फरक टायकोच्या कोनमापकाला सहज पकडता आला असता. नवा तारा मात्र तसूभरही हलला नाही. ट्युबिंगेनला मायकेल मेस्टलिनने तर नुसता दोरा ताणून, दोन-दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा धरून, हाच निष्कर्ष काढला. तारा चंद्राच्या खूप पलीकडचा होता. अढळ आकाशात बदल झाला होता.

त्याची दुसरी नोंद तेजाची होती, आणि पुढे तीच अनपेक्षितपणे कामी आली. सुरुवातीला तारा शुक्राच्या तोडीचा होता, तीक्ष्ण नजरेच्या माणसांना भर दिवसाही दिसे. मग तो गुरूइतका झाला, मग ठळक ताऱ्यांइतका, मग फिक्या ताऱ्यांइतका. रंग पांढऱ्याकडून पिवळ्याकडे आणि पुढे तांबूस झाला. मार्च १५७४ मध्ये, सोळा महिन्यांनी, तो नजरेआड झाला. कोणत्या महिन्यात तो कोणत्या ताऱ्यासारखा दिसला हे टायको लिहून ठेवत गेला. १५७३ मध्ये त्याने या ताऱ्यावर एक छोटे पुस्तक छापले. सरदाराने पुस्तक लिहिणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून तो आधी कचरला होता. त्या पुस्तकाच्या लॅटिन नावातला ‘नोव्हा’ हा शब्द आजही खगोलशास्त्रात टिकून आहे. अतिनवतारा किंवा सुपरनोव्हा हे त्याचेच पुढचे रूप.

या ताऱ्याने टायकोचे नाव युरोपभर झाले. राजा दुसरा फ्रेडरिक याने १५७६ मध्ये त्याला ह्वेन नावाचे बेट आणि भरपूर पैसा दिला. काका योर्गन हाच राजा पाण्यात पडला असता त्याला वाचवायला धावला होता आणि त्यानंतरच्या आजारात गेला, हा ऋणानुबंधही त्यामागे असावा. बेटावर टायकोने युरानिबोर्ग ही वेधशाळा उभारली. पुढे वाऱ्याने यंत्रे हलू नयेत म्हणून जमिनीत खोलगट दालने खणून दुसरी बांधली. बेटावर छापखाना होता, कागदाची गिरणी होती. धाकटी बहीण सोफी वेध घ्यायला मदत करी. उज्जैनची जंतरमंतर वेधशाळा पाहिलेल्यांना त्याच्या यंत्रांची कल्पना येईल. दुर्बिणीचे भिंग नाही, फक्त प्रचंड आकाराची, काटेकोरपणे विभागलेली वर्तुळखंडे आणि नुसता डोळा. एका अंशाच्या साठ कला होतात. टायकोची यंत्रे एक-दोन कलांपर्यंत अचूक होती. त्याच्या आधी कोणी युरोपात इतके काटेकोर मोजले नव्हते.

जमीनदार म्हणून तो वाईटच होता. बेटावरच्या कुळांकडून त्याने इतकी वेठबिगार करून घेतली की तक्रारी राजापर्यंत गेल्या. विज्ञानाच्या इतिहासात या कुळांचा उल्लेख क्वचितच होतो, वास्तविक युरानिबोर्गच्या भिंती त्यांच्याच कष्टावर उभ्या होत्या. टायकोची पत्नी कर्स्टन सामान्य घरातली होती, म्हणून कायद्याने त्याच्या मुलांना सरदारकी मिळणार नव्हती. सिद्धांताच्या बाबतीतही तो चुकला. सूर्य पृथ्वीभोवती आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती फिरतात अशी मधलीच रचना त्याने मांडली. पृथ्वी फिरत असती तर ताऱ्यांचा पराशय दिसला असता, तो दिसत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. युक्तिवाद बरोबर होता, पण तारे त्याच्या कल्पनेपेक्षा हजारो पट दूर होते.

नवा राजा चौथा ख्रिस्तियान याच्याशी बिनसले आणि १५९७ मध्ये टायकोने बेट सोडले. दोन वर्षांनी तो प्रागला, सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या आश्रयाला गेला. फेब्रुवारी १६०० मध्ये योहान्नेस केपलर त्याच्याकडे कामाला आला. केपलर मेस्टलिनचाच शिष्य, गरीब, गणितात तल्लख आणि नजरेने अधू. टायको त्याला आपल्या नोंदी थोड्या थोड्या करून, हात आखडून दाखवी. दोघांचे खटके उडत.

१३ ऑक्टोबर १६०१ रोजी टायको प्रागमध्ये एका सरदाराच्या मेजवानीला गेला. यजमानाच्या आधी उठणे शिष्टाचाराला धरून नव्हते. पोटात पेये जात राहिली आणि तो लघवी रोखून बसला. घरी परतल्यावर लघवी होईना. वेदना, ताप, भ्रम असे सुरू झाले आणि २४ ऑक्टोबरला, वयाच्या ५४ व्या वर्षी, तो गेला. ही हकिगत केपलरनेच लिहून ठेवली आहे. शिष्टाचाराने माणूस मेला, ही गोष्ट तेव्हापासून चवीने सांगितली जाते. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ती अपुरी आहे. निरोगी मूत्राशय काही तास रोखून धरल्याने कोणी मरत नाही. या वयाच्या पुरुषात प्रोस्टेट ग्रंथी वाढून मार्ग आधीच अरुंद झालेला असू शकतो. मग भरलेले मूत्राशय ताणले गेले की तो पूर्ण बंद होतो, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि रक्तात विषारी द्रव्ये साठतात. आज असा मूत्रावरोध झालेल्या रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेले तर कॅथेटर घालून काही मिनिटांत मोकळे करता येते. तेव्हा तो उपाय त्याच्या वाट्याला आला नाही.

पुढे संशय निघाले. १९०१ मध्ये थडगे उघडले गेले होते. त्यानंतर मिशीच्या केसांत पारा सापडल्याचे सांगितले गेले आणि विषप्रयोगाची कथा रंगली, काहींनी तर केपलरवरच बोट ठेवले. नोव्हेंबर २०१० मध्ये डॅनिश आणि झेक संशोधकांनी प्रागच्या टीन चर्चमधील थडगे पुन्हा उघडले. २०१२ मध्ये निष्कर्ष आला. दाढीच्या केसांत आणि हाडांत जीव घेण्याइतका पारा नव्हता. नाकाच्या हाडावरच्या हिरवट डागांत तांबे आणि जस्त जवळपास सम प्रमाणात होते. नाक पितळेचे होते.

टायकोच्या नोंदी वारसांशी बरीच ओढाताण करून केपलरच्या हाती राहिल्या. मंगळाच्या वेधांत आठ कलांचा फरक त्याला वर्तुळाकार कक्षेने मिटवता आला नाही. टायको आठ कलांनी चुकणार नाही, या खात्रीवर त्याने वर्तुळच सोडले आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे १६०९ मध्ये जाहीर केले. ही गोष्ट प्रसिद्ध आहे. शर्मिष्ठेतल्या ताऱ्याची पुढची गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते.

तारा विझल्यावर तिथे काही उरले का, हे दुर्बिणींना पावणेचारशे वर्षे कळले नाही. १९४५ मध्ये वॉल्टर बाडे याने टायकोच्या तेजाच्या नोंदी घेतल्या, ज्या ताऱ्यांशी त्याने तुलना केली त्यांचे आधुनिक तेज मांडले आणि मूळ ताऱ्याच्या तेजाचा आलेख तयार केला. तो इतर दीर्घिकांत दिसणाऱ्या पहिल्या प्रकारच्या अतिनवताऱ्यांशी जुळला. मग १९५२ मध्ये इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे रॉबर्ट हॅनबरी ब्राऊन आणि सिरिल हॅझर्ड यांनी त्या दिशेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडल्या. हॅनबरी ब्राऊनचा जन्म भारतातला, निलगिरीतल्या अरुवनकाडूचा. त्यांची दुर्बीण म्हणजे जमिनीवर पसरलेली २१८ फूट व्यासाची तारांची स्थिर परात. मधला खांब कलवून ती थोडी इकडे-तिकडे रोखता येई. तिची नजर अगदी भरड होती, कित्येक चंद्र मावतील एवढा भाग ती एकदम पाही. त्या नजरेला सापडलेला स्रोत टायकोचाच, असे म्हणता आले ते त्याने जागा काही कलांच्या आत लिहून ठेवली होती म्हणून. दृश्य प्रकाशातले फिके तंतू नंतर पालोमारच्या मोठ्या दुर्बिणीतून दिसले.

ठिपका सापडला, आकार दिसायला आणखी वेळ लागला. रेडिओ लहरी प्रकाशाच्या लहरींपेक्षा लाखो पट लांब असतात, त्यामुळे बारकावे पाहायचे तर दुर्बीण कित्येक किलोमीटर रुंद हवी. मार्टिन राइल यांनी केंब्रिजमध्ये त्यावर तोड काढली. एकमेकींपासून दूर ठेवलेल्या छोट्या तबकड्यांचे संदेश जोडायचे आणि पृथ्वीच्या फिरण्याने त्या तबकड्या जी वेगवेगळी स्थाने घेतात, त्यांतून मोठ्या तबकडीचे काम साधायचे. या तंत्रासाठी १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ, खोडदला असलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, याच तत्त्वावर चालते. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. आकाशगंगेतील असे फिके अवशेष शोधण्यात कमी वारंवारतेच्या दुर्बिणी विशेष उपयोगी पडतात, कारण या लहरींत ते अधिक उजळ दिसतात आणि वाटेतली धूळ त्यांना अडवत नाही.

केंब्रिजने टायकोच्या ताऱ्याचे कडे दाखवले. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या व्हीएलए या २७ तबकड्यांच्या दुर्बिणीने त्याची बारीक घडण उलगडली. स्फोटात उडालेला मालमसाला सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने बाहेर धावतो आणि वाटेतल्या विरळ वायूवर आदळतो. आदळण्याच्या त्या कडेला धक्का-लाट उठते. तिथे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाला पोहोचतात, चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. म्हणून कडा उजळ आणि मध्य फिका. चुंबकीय रेषा चाकाच्या आऱ्यांसारख्या मध्यापासून बाहेर जाणाऱ्या आढळल्या. काही वर्षांच्या अंतराने काढलेले नकाशे एकावर एक ठेवले की कडे फुगताना दिसते, वर्षाला सुमारे पाव विकला. एका कलेच्या साठ विकला होतात. सगळीकडे ते सारखे फुगत नाही. पूर्वेच्या बाजूला दाट वायूचा अडथळा असल्याने ते मंदावले आहे. २०१९ मध्ये युरोपातील लोफार या दुर्बिणीने फार कमी वारंवारतेवर पाहिले, तेव्हा कड्याच्या आत काही लहरी शोषल्या जात असल्याचे दिसले. धक्का अजून न पोहोचलेला, थंड पण विद्युतभारित मालमसाला आत शिल्लक असल्याची ती खूण आहे.

२००८ मध्ये आणखी एक आश्चर्य घडले. १५७२ चा प्रकाश दूरच्या धुळीच्या ढगांवर आपटून, लांबचा फेरा मारून ४३६ वर्षांनी पृथ्वीवर पोहोचत होता. हवाई बेटांवरच्या सुबारू दुर्बिणीने त्या प्रतिध्वनीचा वर्णपट घेतला. बाडेने केवळ टायकोच्या शब्दांवरून जे ओळखले होते तेच निघाले. हा स्फोट श्वेतबटू ताऱ्याचा होता. सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा जड श्वेतबटू स्थिर राहू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० च्या सुमारास दाखवले. चंद्रशेखर हे सर सी. व्ही. रमण यांचे पुतणे. तरुणपणी लेखा खात्याच्या नोकरीत रमण काही काळ नागपुरात होते आणि गांधीसागर, म्हणजे जुन्या नागपूरकरांच्या शुक्रवारी तलावासमोरचे विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाने आहे. श्वेतबटूच्या स्फोटात प्रचंड प्रमाणात लोह तयार होते. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असते, बहुतेक रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये. ते लोह सूर्य जन्मण्याआधीच्या अशाच ताऱ्यांच्या भट्टीतून आले आहे.

तो श्वेतबटू फुटला कशाने, हे मात्र ठरलेले नाही. जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढत तो जड होत गेला असेल तर जोडीदार मागे उरायला हवा. दोन श्वेतबटू एकमेकांवर आदळले असतील तर कोणीच उरणार नाही. २००४ मध्ये कड्याच्या मध्याजवळचा ‘टायको जी’ नावाचा एक तारा जोडीदार म्हणून पुढे केला गेला आणि त्यावर आजही वाद आहे. अडचण अशी, की कडे एका बाजूला मंदावल्यामुळे आज दिसणारा त्याचा मध्य आणि स्फोटाची खरी जागा एक नाहीत. कड्याचा कोणता भाग किती वेगाने सरकतो हे मोजून, गणिताने मागे जात, १५७२ मध्ये तो बिंदू कुठे होता हे शोधावे लागते, आणि त्यासाठी दर काही वर्षांनी नवा नकाशा लागतो.